तोच राग, तेच कन्फेशन

मावशी,

मी वसईची. वय 38, नोकरी अंधेरीला. सकाळी 7 ला घर सोडते, परत येईपर्यंत रात्रीचे 8 वाजतात. घरी नवरा, 9 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ऑफिसात सगळे मला शांत समजतात. घरात पाऊल टाकलं की मात्र माझा तोल जातो. मुलाचा अभ्यास तसाच पडलेला असतो. सासूबाई गेलं वर्षभर तेच तेच विचारतात: गॅस बंद केला का, आज वार कोणता, दूधवाला येऊन गेला का. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. नवरा स्वभावाने चांगला आहे, पण आला की मोबाइल घेऊन बसतो. गेल्या आठवड्यात मुलाने तेच गणित तिसऱ्यांदा चुकवलं आणि मी वही भिरकावली. वहीचं कव्हर फाटलं. सकाळी दप्तर भरताना बघितलं, तर त्याने ते सेलोटेप लावून चिकटवलं होतं. वाकडंतिकडं, पण अगदी चारही बाजूंनी. मला एका शब्दाने काही बोलला नाही. ते बघून मला रडूच आलं. रोज रोझरीची जपमाळ म्हणताना मी संयमच मागते, आणि राग वाढतोच आहे. कन्फेशनला फादरांसमोर दर वेळी तेच पाप सांगायची आता लाज वाटते. गेले दोन रविवार चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी मी ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला उठलेच नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? की मी नुसती ढोंगी आहे?

– एक आई

प्रिय बाय,

आधी रविवारचं बोलू. बाकीचं सगळं त्यानंतर.

वसकन अंगावर जाणं, चिडचिड करणं, उतावीळपणे बोलणं ही सहसा क्षम्य पापं आहेत. गंभीर पाप वेगळं. गोष्ट गंभीर असली, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक असलं आणि तरीही मनापासून होकार देऊन ती केली, तर ते गंभीर पाप. कन्फेशन केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घेऊ नये हा नियम त्याच्यासाठी आहे. उलट ख्रिस्तप्रसादाने क्षम्य पापं पुसली जातात, असं आपलं धर्मशिक्षण स्पष्ट सांगतं. तू मात्र दोन रविवार स्वतःच न्यायाधीश झालीस आणि स्वतःला बाकावर बसवून ठेवलंस. मनात शंका उरलीच असेल तर मिस्सेच्या आधी फादरांना दोन मिनिटं गाठ आणि विचार. पण घरचेच आपल्या रागाला वैतागलेत, आता येशूलाही कशाला तोंड दाखवायचं, असल्या विचाराने मागे राहू नकोस. त्याला तुझ्या स्वभावाची खबर रविवारी सकाळी लागते असं थोडंच आहे!

तेच पाप पुन्हा पुन्हा सांगायची लाज वाटते, म्हणतेस. अगं, बहुतेकांची पापं तीच ती असतात. फादर तिथे नवीन काही ऐकायला बसलेले नसतात. पुन्हा असं करणार नाही हा निश्चय त्या घटकेला खरा असावा लागतो. पुन्हा कधीच घडणार नाही याची हमी तुझ्याकडून कुणी मागितलेली नाही. फक्त सांगण्याची रीत बदल. ‘फादर, मला राग येतो’ एवढंच सांगत असशील, तर त्यात पाप कुठे आहे? राग सगळ्यांनाच येतो. संत पौल इफिसकरांना लिहितो की रागावा, पण पाप करू नका, आणि सूर्य मावळेपर्यंत राग मनात ठेवू नका. म्हणजे राग येणारच हे त्याने धरूनच ठेवलंय. तेव्हा ‘मंगळवारी रात्री मी मुलाची वही फेकली, तो घाबरला, आणि मी त्याची माफी मागितली नाही’ असं नेमकं सांग. इतकं नेमकं सांगितलंस की फादरांनाही नेमकं काही सुचवता येतं, आणि तुझ्याही लक्षात येतं की सगळं आयुष्य बिघडलेलं नाही, बिघडलीय ती रात्रीची एक ठरावीक वेळ. त्या वेळेकडे येतेच मी, पण त्याआधी तुझ्या विश्वासाच्या प्रश्नाचं उत्तर देते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो संन्यासी प्रार्थनेसाठी जाऊन राहिले होते. त्यांच्यात राहून आलेल्या जॉन कॅसियनने एक प्रांजळ गोष्ट लिहून ठेवली आहे. एकांतात राहत असताना, आजूबाजूला चिडायला चिटपाखरू नसताना, तो आपल्या बोरूवर चिडायचा, कारण त्याची जाडी मनासारखी नव्हती. सुरी बोथट निघाली की सुरीवर चिडायचा. चकमकीतून ठिणगी लवकर पडली नाही की तोंडातून शिवी जायची. त्यावरून तो म्हणतो की माणसं टाळली म्हणून राग जात नाही, तो आपल्या आतच असतो. त्याच वाळवंटातले अब्बा, म्हणजे वडीलधारे संन्यासी, अमोनास सांगायचे की रागावर विजय मिळावा म्हणून स्केटीसच्या वस्तीत 14 वर्षं मी रात्रंदिवस देवाची विनवणी केली. 14 वर्षं, आणि तीही नोकरी, लोकल, मुलाचा अभ्यास यांतलं काहीही मागे नसताना! त्यांच्या विश्वासाला कमी म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग तुझ्याच विश्वासाला तू का कमी म्हणतेस? ढोंगी माणसाला फाटकी वही बघून रडू येत नाही.

तू प्रार्थनेत मागतेस ते काय, हे मात्र एकदा तपासून बघ. माझा अंदाज असा की रागच येऊ नये, एवढंच तू मागतेस. सकाळी रोझरी म्हटली की रात्री 8 वाजता आतून आपोआप शांत वाटावं. तसं झालं नाही की देवाने ऐकलं नाही असं वाटतं आणि त्याचाही राग येतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळांची यादी आहे, तिच्यात सहनशीलता आहे आणि अगदी शेवटी आत्मसंयमन आहे. पण यादी सुरू होते ती प्रीतीपासून. म्हणून मी तुला मागणं बदलायला सांगेन. ‘मला शांत कर’ असं मागण्याऐवजी ‘आज रात्री हा पोरगा मला तुझ्या नजरेने बघू दे’ असं माग. पहिल्या मागण्यात सगळं लक्ष तुझ्या स्वतःच्या मनाकडे असतं, दुसऱ्यात मुलाकडे. राग आला तरी दुसरं मागणं फुकट जात नाही.

आता ती वेळ. बायबलच्या नीतिसूत्रांत म्हटलंय की ज्याला स्वतःवर ताबा नाही तो तट पडलेल्या नगरासारखा. आपण वसईकर, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला घेतला तेव्हा सगळा तट काही कोसळला नव्हता. सुरुंगाने बुरुजापाशी खिंडार पडलं आणि तेवढं पुरलं. बाकीचा तट आजही उभा आहे, मुलाला घेऊन जा आणि बघून ये. तुझंही खिंडार एकाच जागी आहे: रात्री 8 ते 9. दिवसभर ऑफिसात तुझा संयम टिकतो, म्हणजे तो तुझ्यात आहे. मग पहारा बसवायचा तो या एका तासावर.

तू दुपारी 1 ला जेवतेस, असं धरू. मधे एखादा चहा. मग विरार लोकलमध्ये दारापाशी चेंगरत, कुणाची बॅग पोटात, कुणाचा कोपर बरगडीत, अशी वसईपर्यंत उभी. स्टेशनबाहेर रिक्षाची रांग. या अवस्थेत तू घरात शिरतेस आणि पहिल्या पाच मिनिटांत भागाकार शिकवायला बसतेस. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 19 वा अध्याय काढून वाच. एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, पुरे झालं, आता मला मरू दे. त्यावर देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी. थकलेल्या शरीराला आधी खायला द्यावं लागतं हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. तेव्हा पर्समध्ये दोन केळी नाहीतर चणे-शेंगदाणे ठेव, आणि वसई रोडला उतरलीस की रिक्षात बसायच्या आधी खा. घरी पोचल्यावर हातपाय धू, कपडे बदल, दहा मिनिटं कुणाशी काही बोलू नकोस. ‘आई आली की दहा मिनिटं तिला काही विचारायचं नाही’ हा घरातला नियम कर. मुलाला तो एकदा समजावून सांगितलास तर कळेल, नऊ वर्षांचा आहे. बरेच दिवस थकवा असेल, झोप उडाली असेल, पाळीच्या आधी चिडचिड फार वाढत असेल, तर डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घे. यात विश्वासाला कमीपणा नाही.

आणि दाराशी आलीस की बेल वाजवायच्या आधी एक ओळ म्हण. 141 व्या स्तोत्रात ती आहे: प्रभू, माझ्या तोंडावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. लांब प्रार्थना नको, त्या वेळी ती व्हायचीही नाही. एवढं म्हण, क्रूसाची खूण कर आणि आत जा. महिनाभर रोज केलंस तर ओठांना सवय लागेल, आणि भांडण पेटत असतानाही तीच ओळ तोंडात येईल. तेव्हाच तिचा खरा उपयोग आहे.

सासूबाईंच्या बाबतीत मला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, त्यांना डॉक्टरांकडे न्या. वर्षभरात तेच तेच विचारणं वाढलंय, वार लक्षात राहत नाही, ही नुसती म्हातारपणाची सवय म्हणून सोडून देऊ नका. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, यांनीही विसराळूपणा वाढतो आणि त्यावर उपाय होतो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर तेही लवकर कळलेलं बरं. तोवर स्वयंपाकघरात एक पाटी लावा. वार, तारीख, ‘दूध आलं’, ‘गॅस बंद’ असं त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. ‘आत्ताच सांगितलं ना!’ असं म्हणून काही साधत नाही, कारण सांगितलेलं त्यांना आठवतच नाही. त्यांच्या लेखी तो प्रश्न पहिल्यांदाच विचारलेला असतो. कुणीतरी आपल्यावर ओरडलं ही भीती मात्र मनात राहते, आणि भ्यालेलं माणूस आणखी विचारतं.

दुसरी गोष्ट बाळ येशूच्या संत तेरेजाची. 1897 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी ती वारली. मठात चिंतनाच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक सिस्टर तोंडाने सारखा कसलासा बारीक आवाज करायची. वळून एकदा डोळे वटारावेत असं तेरेजाला फार वाटे. तिने ते केलं नाही. तो आवाज विसरण्याचा प्रयत्नही पुढे सोडून दिला, उलट नीट कान देऊन ऐकायला लागली आणि तेच ऐकणं देवाला अर्पण करायला लागली. हे करताना ती घामाने भिजून जायची, असं तिने स्वतः लिहिलंय. मला हा घाम फार मोलाचा वाटतो. संयम ठेवणाऱ्याला आतून गार वाटत असेल असं आपण उगाच धरून चालतो. संतांनाही घाम फुटलाय. सातव्यांदा ‘आज वार कोणता’ ऐकून तुझ्या कपाळाची शीर ताडताड उडत असेल आणि तरी तू ‘गुरुवार, आई’ एवढंच म्हणालीस, तर तो संयमच. आत राग होता म्हणून तो खोटा ठरत नाही.

हीच तेरेजा आणखी एक उपाय सांगते: पळ काढणं. एका सिस्टरशी किल्ल्यांवरून खटका उडायची वेळ आली, बाजू मांडायला जीभ शिवशिवत होती, पण तोंड उघडलं तर आपण हरणार हे तिला कळलं. ती सरळ तिथून निघून गेली आणि जिन्यावर जाऊन बसली. छाती इतकी धडधडत होती की पुढे चालवेना. तुझ्या घराला ओटा असेल, गच्ची असेल, नाहीतर न्हाणीघर तर आहेच. ‘मी पाच मिनिटांत येते’ एवढं म्हणून ऊठ. वही हातात आली की ती ठेव आणि ऊठ. हे मी तुला कळकळीने सांगतेय, कारण आज हाताने वही फेकली, पुढच्या खेपेस तोच हात मुलावर पडायला वेळ लागत नाही. पडलाच असेल, आणि तू पत्रात ते लिहिलं नसशील, तर कुणा समुपदेशकाची वेळ घे. ते काम एकट्या प्रार्थनेवर टाकू नकोस. देव डॉक्टरांच्या आणि समुपदेशकांच्या हातूनही काम करतो.

मुलाची माफी मागितलीस का? पत्रात रडल्याचं आहे, माफी मागितल्याचं नाही. त्याने ती वही मुकाट्याने चिकटवली, तुला न दाखवता. तो तुला सांभाळून घ्यायला शिकतोय, बाय, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ते ओझं नको. पौल कलस्सैकरांना लिहितो, मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील. शब्द बापांना उद्देशून आहेत, पण आपल्यालाही लागू आहेतच. आजच त्याच्याजवळ बस. सरळ म्हण, ‘मी तुझी वही फेकली, ते चूक होतं. तू चुकलास म्हणून नाही, मी थकले होते म्हणून. मला माफ कर.’ तिथेच थांब. ‘पण तूही जरा लक्ष देत जा’ हे पुढचं वाक्य अजिबात नको, त्याने सगळी माफी पुसून जाते. नवी वही आणायची असेल तर आण, पण त्याला विचारून. त्याला कदाचित तीच वही वापरायची असेल.

आणि गणित रात्री 8 नंतर तू शिकवायचं नाहीस. हे ठरवूनच टाक. दिवसभर थकलेली आई आणि पेंगुळलेलं मूल, यातून भागाकार निघत नाही. मग कोण शिकवणार?

इथे तुझ्या नवऱ्याकडे वळते. पत्रभर तू स्वतःला दोष दिलास आणि त्याच्यासाठी एकच वाक्य ठेवलंस: चांगला आहे, पण मोबाइल घेऊन बसतो. ते वाक्य वाचून मी थांबले. तुझ्या रागातला बराचसा राग रास्त असणार. सासूबाई त्याची आई आहेत. मुलगा दोघांचा आहे. तुम्ही दोघंही कमावता, दोघंही थकून येता, आणि घरी आल्यावर एकच जण उभं असतं. हे गिळत राहणं म्हणजे ख्रिस्ती सहनशीलता, असं तुला कुणी शिकवलं असेल तर ते चुकीचं शिकवलंय. गिळलेला राग कुठे जातो ते तुझ्या घरात दिसतंयच. नवऱ्यावरचा राग वहीवर निघतो, आणि वही असते सगळ्यांत धाकट्याची.

येशूही रागावला. मंदिरात त्याने सराफांचे चौरंग उलथले हे आपण सगळेच सांगतो. मार्कच्या शुभवर्तमानातली त्याआधीची एक ओळ मात्र वाचायची राहून जाते. यरुशलेमात शिरल्यावर तो मंदिरात गेला, सभोवार सगळं पाहिलं, आणि संध्याकाळ झाली होती म्हणून बारा शिष्यांबरोबर बेथानीला परतला. बाजार त्याने तेव्हाच पाहिला असणार. चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. मधे एक रात्र गेली, आणि रात्रीनंतरही तो गप्प बसला नाही. रात्री 9 वाजता भांड्यांचा आवाज करत टोमणे मारण्यापेक्षा हे कितीतरी वेगळं आहे. दिवस उजाडू दे, योग्य जागी उभी राहा आणि बोल.

तेव्हा शनिवारी सकाळी, पोटात नाश्ता असताना, मुलगा खेळायला गेला की नवऱ्याला समोर बसव. मोबाइल दुसऱ्या खोलीत. ‘तू कधीच काही करत नाहीस’ असं सुरू करू नकोस, तो लगेच हिशोब मांडत बसेल. त्याला तीन कामं नेमकी सांग: आठवड्यातले तीन दिवस गणित त्याने घ्यायचं, आईला पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे त्याने न्यायचं, आणि तू घरी आल्यानंतरची ती दहा मिनिटं आईच्या प्रश्नांना त्याने उत्तरं द्यायची. वहीची गोष्टही सांग, सेलोटेपसकट. मला वाटतं, त्याला ठाऊकच नसेल. बोलण्याआधी दोघं मिळून एक ‘आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणा. तुमच्या घरात ती सवय नसेल तर अवघडल्यासारखं होईल, तरी म्हणा.

तो नाहीच म्हणाला, किंवा हो म्हणून दोन आठवड्यांत पुन्हा मोबाइल घेऊन बसला, तर पॅरिशच्या फादरांकडे दोघं मिळून जा, आणि मला पुन्हा लिही. त्या पत्रात फक्त तुझ्या रागाबद्दल लिहू नकोस. घरात कोण काय करतं तेही सगळं लिही.

तुझी मावशी